आठ जण, सहा बाटल्या: घरी वाइनची तुलना करताना फरक खरोखर कळावा म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ मित्रमैत्रिणी मिळून सहा वेगवेगळ्या वाइन चाखतात, पण तिसऱ्या बाटलीनंतर सगळ्याच सारख्या लागू लागतात. शेवटी जी सर्वांत महाग तीच चांगली, असं ठरून जातं. फरक नीट कळावा म्हणून काय करायचं?

यात जिभेचा दोष जवळजवळ कधीच नसतो, मांडणी चुकलेली असते. एक पांढरी थंडगार, दुसरी कोमट, एक गोडसर, एक ओकच्या पिंपातली, मध्येच एक रेड, बाजूला मसाला शेंगदाणे आणि समोर लेबल. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या की जिभेला धरायला काहीच उरत नाही. तुलना करायची तर एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. खालचा सगळा तपशील या एका नियमातून आला आहे.

आधी बाटल्यांची निवड. सहा म्हणजे सहा वेगवेगळे प्रकार आणू नका, तीन-तीनच्या दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत एकाच द्राक्षाच्या तीन पांढऱ्या घ्या. शेनिन ब्लां किंवा सोव्हिनॉन ब्लां यांपैकी एक द्राक्ष ठरवा आणि ते नाशिक परिसरातल्या तीन वेगळ्या वायनरींचं आणा. दुसऱ्या फेरीत तीन शिराझ, म्हणजे त्या द्राक्षाच्या रेड, घ्या. त्यांतली एक तरी ओकच्या पिंपात मुरवलेली असावी आणि एक तरी न मुरवलेली, म्हणजे लाकूड काय करतं ते शेजारी-शेजारी कळतं. खिसा परवानगी देत असेल तर पुढच्या वेळी नाशिकची सोव्हिनॉन ब्लां, न्यूझीलंडच्या मार्लबरोची आणि फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली अशी त्रयी लावा. अकलूजला पिकलेली सांजोवेसे आणि इटलीची कियांती ही जोडीही फार शिकवते, कारण द्राक्ष तेच असतं आणि ऊन, माती, कापणीचा हंगाम वेगळे असतात. शेनिन घेताना एक काळजी घ्या: बाजारातल्या काही शेनिनमध्ये मुद्दाम थोडी साखर राखलेली असते. एक गोडसर आणि दोन कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, असतील, तर सगळी चर्चा गोडीवरच अडते. दुकानात विचारून तिन्ही कोरड्या किंवा तिन्ही गोडसर घ्या.

खरेदीच्या वेळी लेबलवरचं वर्ष पाहा. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची कापणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, त्यामुळे त्या वर्षाची ताजी पांढरी वाइन त्याच वर्षी बाजारात येऊ शकते. साध्या पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइन वर्ष-दीड वर्षात प्यायच्या असतात; तीन वर्षं फळीवर पडून राहिलेली सोव्हिनॉन स्वस्तात मिळाली तरी तुलनेला उपयोगी नाही. त्याहून मोठा शत्रू म्हणजे दुकानातली उष्णता. बूच किंचित वर सरकलेलं असेल, झाकणाखाली चिकट ओघळ असेल, बाटली काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असेल, तर ती घेऊ नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेली बाटलीही बिघडते. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो.

आता तापमान. घरगुती चाखणी सर्वांत जास्त इथेच फसते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. मुंबई-पुण्यात खोली २८ ते ३२ अंशांची असते, आणि त्या तापमानाला रेडमधला अल्कोहोल नाकात चढतो, फळ मागे पडतं, वाइन बेचव आणि जड लागते. भरदार रेड १६ ते १८ अंशांना, हलकी रेड १३ ते १६ ला, पांढरी ८ ते ११ ला आणि फेसाळ ६ ते ८ ला हवी. खोलीतली बाटली फ्रिजमध्ये ठेवल्यापासून १७ अंशांवर यायला साधारण सव्वा तास लागतो, ९ अंशांवर यायला तीन तासांहून जास्त. वेळ कमी असेल तर बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी तयार होते. नुसता बर्फ रचू नका. बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात, पाणी मात्र सगळीकडून लागतं. स्वयंपाकघरातला साधा काटा-थर्मामीटर असेल तर एका पेल्यात घालून बघा. शक्य असेल तर एका फेरीतल्या तिन्ही बाटल्या एकाच वेळी, एकाच कप्प्यात ठेवा. दोन अंशांचा फरकसुद्धा ‘ही जास्त ताजी आहे’ असं वाटायला पुरतो, आणि मग आपण वाइनऐवजी फ्रिजचा कप्पा चाखत बसतो. फार गार केलीत तर उलटा त्रास होतो: ५ अंशांना सुवास दबतो, तुरटपणा आणि आंबटपणा टोचतो. तसं झालं तर पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा.

पेले सगळ्यांचे सारखे हवेत, तेही पातळ काचेचे, खाली फुगीर आणि वर निमुळते. चाखणीसाठी जो आंतरराष्ट्रीय मापाचा पेला ठरवलेला आहे तो साधारण २१५ मि.लि.चा असतो, म्हणजे मोठा नाहीच. आठ जणांना तीन-तीन म्हणजे चोवीस पेले लागतात. ते घरात नसतील तर केटरिंगवाल्याकडून भाड्याने आणा, पण आदल्या दिवशी आणा. भाड्याच्या पेल्यांना भांड्यांच्या साबणाचा किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास असतो. ते गरम पाण्याने साबणाशिवाय विसळून उलटे न ठेवता सुलटे वाळवा. उलट्या पेल्यात कोंडलेली हवा कपाटाचा वास धरून ठेवते. ओतण्याआधी रिकामा पेला हुंगून बघण्याची सवय लावा.

माप ठरवून ओता. ३० मि.लि.च्या मापाने दीड माप, म्हणजे ४५ मि.लि. पुरे. आठ जणांत एका बाटलीतून ३६० मि.लि. जातात आणि निम्म्याहून जास्त वाइन जेवणाला उरते. कमीजास्त ओतलं की जास्त भरलेला पेला गडद दिसतो, आणि गडद वाइन ‘चांगली’ वाटते.

खोलीत अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर नको. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर चाखणी थांबवा, हिंग आणि लसणीपुढे कुठलीच वाइन उभी राहत नाही. मोगऱ्याचा गजरा आणि अत्तर त्या संध्याकाळपुरते बाजूला ठेवायला सगळ्यांना आधीच सांगा. चाखण्याआधी तासभर कॉफी, पान, बडीशेप, मिंटची गोळी आणि टूथपेस्ट टाळा. टेबलावर पांढरा कागद किंवा चादर, साधं पाणी, बिनमसाल्याचा पाव किंवा खारट नसलेली बिस्किटं, एवढंच ठेवा. फरसाण, शेव, मिरचीचं काहीही शेवटाला ठेवा, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि रेडचा तुरटपणा दोन्ही वाढतात. चीज हवं तर तेही नंतरच घ्या. त्याची चरबी तुरटपणा झाकते आणि सुमार रेडही गुळगुळीत वाटू लागते.

यानंतर बाटल्या झाकणं. हे ऐच्छिक समजू नका. फ्रान्सच्या बोर्दोमधला, २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, आणि तीच पुन्हा वास-चव नसलेला लाल रंग घालून दिली. लाल दिसणाऱ्या पेल्यासाठी त्यांनी रेड वाइनचेच शब्द वापरले. शिकलेल्या नाकाचं डोळ्यांपुढे असं होत असेल, तर किमतीपुढे आणि लेबलपुढे आपलं काय होणार? १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन-विक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या चाखणीत कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच परीक्षकांकडूनच पहिल्या आल्या, त्या झाकलेल्या होत्या म्हणूनच.

झाकायची पद्धत अशी. एकाने गळ्यावरची फॉइल पूर्ण काढावी, बाटली वर्तमानपत्रात किंवा जाड मोज्यात गुंडाळावी आणि प्रत्येकीवर अक्षर लिहावं. दुसऱ्याने, पहिला खोलीबाहेर असताना, त्या अक्षरांच्या जागी तीन आकडी क्रमांक घालावेत, जसे ४७२, ८१९, २३५, आणि अक्षर-क्रमांकाची चिठ्ठी पाकिटात बंद करावी. आता कोणालाच काही माहीत नाही, म्हणून दोघांनाही चाखता येतं. साधे १, २, ३ लिहू नका. ‘१’ दिसलं की मन आपोआप त्याला पहिला नंबर देऊ पाहतं. बाटलीचा आकारही चुगली करतो, रुंद खांद्यांची आणि उतरत्या खांद्यांची बाटली कापडातूनही ओळखू येते. आकार वेगळे असतील तर वाइन एकसारख्या काचेच्या जगमध्ये ओतून घ्या. एका वाइनला बूच आणि दुसरीला फिरकीचं झाकण असेल तर उघडण्याचं काम स्वयंपाकघरातच उरका. आणि उघडायच्या तर फेरीतल्या तिन्ही एकाच वेळी, साधारण अर्धा तास आधी. एक तासभर उघडी आणि दुसरी आत्ता उघडलेली, ही तुलना होत नाही.

पेले समोर आले की पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. घरात हा नियम पाळणं सर्वांत अवघड, आणि सर्वांत मोलाचं. एकाने ‘पेरूचा वास येतोय’ म्हटलं की उरलेल्या सातांना पेरूच सापडतो. प्रत्येकाने आधी कागदावर लिहावं. शिवाय प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने चाखावं. तीन वाइनचे सहा क्रम होतात, ते वाटून द्या. स्वच्छ तोंडाने चाखलेली पहिली वाइन नेहमी जास्त आंबट लागते, आणि रेडमध्ये तुरटपणा घोटागणिक साचत जातो, त्यामुळे शेवटची विनाकारण कडक ठरते. सगळ्यांनी एकाच क्रमाने प्यायलं तर तो दोष निकालातच शिरतो.

चाखताना पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. रेडची कड जांभळट असेल तर ती तरुण, विटकरी असेल तर वयस्क. पांढरी तपकिरीकडे झुकलेली असेल तर तिला हवा लागली असण्याची शक्यता आहे. पेल्याच्या आत ओघळणाऱ्या रेघांकडे लोक फार आदराने बघतात. त्या अल्कोहोल आणि साखर सांगतात, दर्जा नाही.

मग पेला न हलवता हुंगा. त्यानंतर टेबलावरच गोल फिरवून पुन्हा हुंगा. लांब श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन छोटे श्वास घ्या. नाक एका वासाला अर्ध्या मिनिटात सरावतं, तेव्हा मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या किंवा साधी हवा घ्या, आणि परत या. दोन पेल्यांमध्ये आलटून-पालटून हुंगत राहणं हीच खरी युक्ती. एकट्या पेल्यात जे नेमकं सांगता येत नाही, ते शेजारच्या पेल्यामुळे स्पष्ट होतं.

शब्दांसाठी परक्या फळांच्या यादीची गरज नाही. आपल्या बाजारात आणि मसाल्याच्या डब्यात बहुतेक सगळं आहे. सोव्हिनॉन ब्लांमधला पेरूचा वास खरोखरच त्याच गंधकयुक्त रेणूंच्या गटातला आहे जे पिकलेल्या पेरूत असतात. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास सोव्हिनॉन ब्लां आणि रेडच्या कॅबर्ने द्राक्षामध्ये येतो. द्राक्ष पुरतं पिकण्याआधी खुडलं की तो जास्त येतो. शिराझमधल्या काळ्या मिरीचा रेणू मिरीतलाच आहे, आणि पाचांतल्या साधारण एकाला तो अजिबात जाणवत नाही. म्हणून ‘मिरी आहे’ आणि ‘नाहीच’ असा वाद झाला तर दोघेही खरं बोलत असतील. ओकमधून लवंग, व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो. लोण्याचा वास आला तर वाइनमधलं हिरव्या सफरचंदाचं आम्ल जिवाणूंनी दुधातल्या आम्लात बदललेलं असतं. शंका आली की पाच वाट्यांत पेरूची फोड, चिरलेली ढोबळी मिरची, भरड मिरी, लवंग आणि ओलं खोबरं घालून झाकून बाजूच्या खोलीत ठेवा. टेबलावर ठेवू नका, नाहीतर सगळ्या वाइनला लवंगेचाच वास येईल.

तोंडात साधारण चहाचे दोन चमचे, म्हणजे दहा मि.लि. घ्या आणि गालांपर्यंत फिरवा. जीभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट कळतं हा नकाशा चुकीचा आहे, सगळी जीभ सगळं ओळखते. वेगवेगळे घटक असे पकडा. आंबटपणा किती ते तोंडाला सुटणाऱ्या पाण्यावरून कळतं: घोट संपल्यावर तोंड किंचित उघडून खाली बघा, लाळ जितकी भराभर जमेल तितकं आम्ल जास्त. तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आतून जाणवतो, जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ जडावते तसा. तो आणि आंबटपणा यांची गल्लत सर्वांत जास्त होते. एकाने तोंड ओलं होतं, दुसऱ्याने कोरडं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. अल्कोहोल घशात ऊब देतो. गोडी आणि फळाचा वास वेगळे करायचे तर नाक चिमटीत धरून घोट घ्या: नाक बंद असतानाही गोड लागली तर साखर आहे, नुसती चपटी लागली तर ती ‘गोडी’ वासाची होती. शेवटी घोट टाकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा. पाचच्या आत विरली तर साधी, दहा-बारापर्यंत छान टिकली तर बरी वाइन. टिकणारी चव कडवट असेल तर मात्र ते सेकंद गुणांत धरू नका.

घोट टाकल्यावर म्हणजे खरोखर थुंकल्यावर. प्रत्येकाला एक उंच, अपारदर्शक पेला द्या, मध्ये एक मोठं भांडं पिकदाणी म्हणून ठेवा. घरात संकोच वाटतो, पण हिशेब बघा: सहा वाइनचे ४५-४५ म्हणजे २७० मि.लि., आणि १३ टक्के अल्कोहोल धरला तर सुमारे २८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हे सगळं गिळलं तर दुसऱ्या फेरीतले गुण वाइनचे राहत नाहीत. वास नाकामागूनच येतो, त्याला गिळावं लागत नाही. परतीला गाडी चालवणाऱ्याने जेवणातही पाण्यावरच थांबावं. दोन घोटांमध्ये पाण्याने चूळ, पावाचा तुकडा आणि रेडच्या फेरीत निदान दोन मिनिटांची उसंत घ्या. दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटं ठेवा.

गुण शंभरपैकी देऊ नका. कोणाचे ७० म्हणजे कोणाचे ८८ असतात, आणि त्यांची सरासरी काहीच सांगत नाही. प्रत्येकाने तिन्ही वाइनना आवडीचा क्रम द्यावा, पहिली १, शेवटची ३. मग प्रत्येक वाइनची बेरीज करा. आठ जणांत एकूण बेरीज ४८ येते, म्हणजे सगळ्या सारख्याच असतील तर प्रत्येकीला १६ च्या आसपास पडतील. १३, १६, १९ असा निकाल आला तर फरक योगायोगाचाही असू शकतो, उगाच विजेती जाहीर करू नका. दोन वाइनच्या बेरजांत १० किंवा जास्त अंतर असेल, तेव्हा गटाला खरोखर एक जास्त आवडली असं म्हणता येतं. आणि बेरीज समान असूनही चौघांनी १ व चौघांनी ३ दिला असेल, तर ती वाइन मधली नसून वादाची आहे. चर्चेला तीच सर्वांत चांगली असते.

दोन वाइनमध्ये फरक कळतोच का, हे तपासायचं असेल तर तीन पेल्यांची परीक्षा घ्या: दोन पेल्यांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतो, म्हणून आठांपैकी निदान सहा जणांनी ओळखलं तरच फरक कळला असं धरा. ही परीक्षा पहिल्या संध्याकाळी नक्की करा. ती नम्र करते, आणि त्यानंतर सगळे जास्त लक्ष देऊन हुंगतात.

गुण देण्याआधी बाटली बिघडलेली तर नाही ना, हे यजमानाने स्वयंपाकघरात १५ मि.लि. घेऊन बघून ठेवावं. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीसारखा वास आणि फळाचा पत्ता नाही, तर बुचाचा दोष आहे. थांबल्याने तो जात नाही, वाढतो. तशी बाटली बदला, शक्य असेल तर दुकानात परत करा. कुजक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास मात्र बऱ्याचदा हवेने जातो: वाइन दोन जगमध्ये चार-पाचदा वरून खाली ओता. त्या फेरीतल्या बाकीच्या दोघींनाही तेवढंच ओता, नाहीतर तुलना तुटते. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा झोंबरा वास सुधारत नाही. तबेल्यासारखा वास थोडा असेल तर काहींना आवडतो, जास्त असेल तर तो यीस्टचा बिघाड आहे. बुडाशी बसलेले काचेसारखे खडे हा दोष नाही, ते थंडीने बसलेलं द्राक्षातलंच मीठ आहे.

पाकीट उघडून नावं कळल्यावर लगेच जेवायला बसू नका. नाव माहीत असताना प्रत्येक वाइनचा एक घोट पुन्हा घ्या आणि मत बदलतं का ते कागदावर लिहा. मग जेवण. इथे कोरडी सोव्हिनॉन तळलेल्या सुरमईला देऊन बघा, किंचित गोडसर शेनिन झणझणीत रश्शाला आणि तुरट शिराझ सुक्या मटणाला, पण मटण फार तिखट नको. चाखणीत तिसरी आलेली वाइन ताटाशेजारी पहिली येणं अगदी सामान्य आहे.

उरलेली वाइन अर्ध्या बाटलीत पडून राहू देऊ नका. ३७५ मि.लि.च्या रिकाम्या, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि रेड असली तरी फ्रिजमध्ये ठेवा; पांढरी तीन-चार दिवस, रेड तीन दिवस चांगली राहते. प्रत्येक बाटलीवर त्या संध्याकाळचा क्रमांक चिकटवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गर्दी नसताना, कागदावरचे शब्द पुन्हा त्याच वाइनशी ताडून बघता येतात.